न वटलेली वचने : फ्रेंच हिंदुस्थानच्या नोटा आणि त्यांचा संग्रह

मराठीच्या प्राध्यापिकेने कवितेवर किंवा नाटकावर न बोलता जुन्या नोटांवर बोलावे, याचे आश्चर्य व्याख्यानाच्या दिवशी अनेकांच्या चेहऱ्यांवर दिसत होते. अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्याने शाळेकडे येताना माझ्याही मनात तीच शंका होती. तथापि माझ्या पीएच.डी.चा विषय माळव्यातील सावकारी पेढ्यांचा मोडी पत्रव्यवहार हा होता. त्या पत्रांतून हुंड्या आल्या, हुंड्यांवरून नोटा आल्या, आणि एकदा ती वाट धरल्यावर मी पाँडिचेरीपर्यंत कशी पोहोचले हे माझे मलाही कळले नाही. त्या दिवशी वेळेच्या बंधनामुळे जे सांगायचे राहिले, ते या पुस्तिकेच्या निमित्ताने थोड्या विस्ताराने मांडते.

आरंभ घरातूनच करते. माझी एक मावशी गोव्यात साखळीस दिली होती. तिच्या पश्चात एका पत्र्याच्या डब्यात, दोऱ्याने बांधलेल्या, साठ एस्कुदोंच्या तीन नोटा निघाल्या आणि त्या माझ्याकडे आल्या. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला. पुढील वर्षी पोर्तुगीज चलन बदलून भारतीय रुपये देण्याची व्यवस्था झाली. ज्या दिवसांत लोक बँकेसमोर रांगा लावीत होते, नेमक्या त्याच दिवसांत मावशीचे यजमान वारले. सुतक, दिवसकार्य, मुलांची काळजी यांत मुदत निघून गेली. सहा एस्कुदोंस एक रुपया या दराने त्या तीन नोटांचे तीस रुपये झाले असते. १९६२ साली एका विधवेला तीस रुपये म्हणजे काय, हे माझ्या पिढीला सांगावे लागत नाही.

याच नोटा मी काही वर्षांपूर्वी शहरातील एका नाण्यांच्या प्रदर्शनात घेऊन गेले. तेथील व्यापाऱ्याने त्या भिंगाखाली धरल्या, उजेडात पाहिल्या आणि आनंदाने म्हणाला, "बाई, नशीबवान आहात. अशा कोऱ्या नोटा सहसा मिळत नाहीत." मावशीच्या दुर्दैवाचे माझ्या भाग्यात रूपांतर झाले होते. या एका वाक्यात संग्राहकाच्या छंदाचे सारे मर्म आहे असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

नाणे आणि नोट यांत मूलभूत भेद आहे. नाण्यात निदान काही धातू असतो. राज्य बुडाले तरी सोने-रुपे उरते. ते वितळवले जाते किंवा जमिनीत पुरले जाते, आणि शेतात नांगर लागताच शतकांनंतर पुन्हा वर येते. नोटेत असे काहीच नसते. नोट म्हणजे एक वचन. "ही आणून देणाऱ्यास एवढी रक्कम रोख देऊ", इतकाच तिचा अर्थ. ते वचन पाळले गेले की नोट देणाऱ्याकडे परत जाते, तेथे तिला भोके पाडून किंवा शिक्का मारून रद्द करतात, आणि शेवटी जाळतात. म्हणजे वचन पुरे झाले की नोट नष्ट होते. जी नोट आज आपल्या वहीत आहे, तिचे वचन कोणी ना कोणी, कधी ना कधी, वटवायचे राहिलेले असते. कोणी विसरले, कोणी मेले, कोणाला परदेशी पळावे लागले, कोणाला मुदतीची बातमीच पोहोचली नाही.

आमच्या सराफ्यातील हुंडीचे याहून उलट होते, आणि ही गोष्ट मला फार मार्मिक वाटते. इंदूरचा सराफा आज रात्रीच्या खाद्यपदार्थांसाठी प्रसिद्ध असला तरी त्याची मूळ ओळख सोन्याचांदीची आणि हुंडीची. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळत, मुदती हुंडीचे ठरलेल्या दिवसांनी. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पैठ, निघे; तीही गहाळ झाली तर परपैठ. आणि हुंडी वटली, रद्द झाली, म्हणजे तिला खोखा म्हणत. हा खोखा पेढीवाला जपून ठेवी, कारण पैसे दिल्याचा तोच पुरावा. परिणामी आज जुन्या दप्तरांत ज्या हुंड्या सापडतात त्यांतल्या पुष्कळशा पाळलेल्या वचनांच्या असतात. आणि संग्राहकांच्या वहीत ज्या नोटा असतात त्या बहुतेक न पाळलेल्या किंवा न मागितलेल्या वचनांच्या. सावकाराला आपण नावे ठेवतो खरी, पण दप्तराच्या बाबतीत तो सरकारहून प्रामाणिक ठरतो.

आता मुख्य विषयाकडे वळते. फ्रेंचांना आपल्या मोडी कागदांत 'फरासीस' म्हटले आहे आणि पाँडिचेरीला 'फुलचेरी'. मराठ्यांचा आणि फुलचेरीचा संबंध वाचकांस अपरिचित नसावा. १७४१ साली रघूजी भोसल्यांनी त्रिचनापल्ली घेऊन चंदासाहेबास कैद केले व साताऱ्यास पाठविले. त्याचे कुटुंब पाँडिचेरीत आश्रयास होते. रघूजींनी मागणी केली, पण तेथील गव्हर्नर द्युमा याने त्यांना सोपवण्यास नकार दिला. त्या द्युमानंतर १७४२ मध्ये आलेला गव्हर्नर म्हणजे द्युप्ले. त्याचे नाव पुढे नोटेच्या संदर्भात पुन्हा येणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांच्या हाती हिंदुस्थानात पाच तुकडे उरले होते : पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर. सारे मिळून क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या थोडे वर. चहूबाजूंनी इंग्रजी मुलूख, म्हणून बाजारात चालणारा रुपया इंग्रजीच. फ्रेंचांनीही रुपया हेच मान मान्य केले आणि त्याला आपल्या उच्चाराने 'रूपी' म्हटले. खालचा हिशेब मात्र दक्षिणेचा राहिला : आठ फानोंचा एक रुपया आणि चोवीस काशांचा एक फानों. तिकिटे जमविणाऱ्यांना हे फानों-काश ठाऊक असतात, कारण १९२३ पासूनच्या फ्रेंच हिंदुस्थानच्या टपाल तिकिटांवर ते छापलेले आहेत.

नोटा काढण्याचा अधिकार एका खाजगी बँकेला होता. तिचे नाव बांक द लॅंदोशिन, म्हणजे हिंदी-चीनची बँक. २१ जानेवारी १८७५ च्या फर्मानाने पॅरिसमध्ये तिची स्थापना झाली. सायगाव आणि पाँडिचेरी या तिच्या अगदी आरंभीच्या शाखा. पुढे हीच बँक न्यू कॅलिडोनिया, ताहिती आणि आफ्रिकेतील जिबूती येथेही नोटा काढू लागली. त्यामुळे एकाच बँकेचे नाव सायगावात पियास्त्रच्या नोटेवर, पाँडिचेरीत रूपीच्या नोटेवर आणि पॅसिफिकमधील बेटांवर फ्रँकच्या नोटेवर दिसते. या बँकेचे चित्रकार युरोपातले, खोदकाम उत्कृष्ट, रंग डोळे दिपवणारे. तत्कालीन इंग्रजी नोटा त्यांच्यापुढे कारकुनी वाटतात, असे माझे मत आहे. संग्राहक फ्रेंच वसाहतींच्या नोटांवर लुब्ध होतात त्याचे निम्मे कारण हे सौंदर्यच.

पाँडिचेरीच्या नोटांत आरंभी मोठ्या रकमा होत्या. एक रूपीची नोट पहिल्या महायुद्धानंतर आली. युद्धामुळे चांदीचा तुटवडा पडला, रुप्याचे नाणे लोकांनी दडवले, आणि सरकारांना लहान रकमेचा कागद काढावा लागला. याच टंचाईमुळे १९१७ साली इंग्रजांनी आपली एक रुपयाची नोट काढली, त्याच वर्षी गोव्यात चार टांग, आठ टांग अशा चिमुकल्या नोटा आल्या, आणि १९१८ साली निजामाला स्वतःच्या नोटा काढण्याची परवानगी मिळाली. निजामाच्या त्या उस्मानिया नोटांवर उर्दू, तेलुगू, कानडीबरोबर मराठीतही रक्कम लिहिलेली असे. मराठवाड्यातील वडीलधाऱ्यांना 'सात हाली म्हणजे सहा कलदार' हा हिशेब तोंडपाठ असे. युरोपातील तोफांचा धूर हैदराबादच्या आणि फुलचेरीच्या कागदावर असा उमटला. पाँडिचेरीत पाच रूपीची नोट त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १९३७ मध्ये आली.

पन्नास रूपीच्या नोटेवर द्युप्लेचे चित्र आले. हा तोच द्युप्ले. १७४२ ते १७५४ पर्यंत तो पाँडिचेरीचा गव्हर्नर होता. दक्षिणेत फ्रेंच साम्राज्य उभे करण्याच्या महत्त्वाकांक्षेपायी त्याने स्वतःचे पैसे कंपनीच्या लढायांत ओतले. १७५४ साली त्याला परत बोलावण्यात आले. कंपनीकडून आपले पैसे परत मिळावेत म्हणून तो नऊ वर्षे दावे करीत राहिला आणि १७६३ मध्ये पॅरिसमध्ये विपन्नावस्थेत मरण पावला. ज्या माणसाची देणी त्याच्याच कंपनीने बुडविली, त्याचा चेहरा "आणणाऱ्यास रोख देऊ" असे म्हणणाऱ्या नोटेवर छापावा, हा विनोद त्या बँकेच्या लक्षात आला होता की नाही कोण जाणे. चेहऱ्यांचा असा विनोद आपल्याकडेही आहे. मुंबईच्या बँक ऑफ बॉम्बेच्या जुन्या नोटांवर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आणि जॉन माल्कम यांच्या मुद्रा होत्या. माल्कम म्हणजे महिदपूरच्या लढाईनंतर ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह होळकरांकडून करून घेणारा. मुंबई इलाख्यातील मराठी माणसाच्या हाती जो आरंभीचा कागदी पैसा पडला, त्यावर पेशवाईच्या आणि होळकरशाहीच्या अस्ताचे साक्षीदार बसले होते.

पाँडिचेरीच्या नोटा इतक्या दुर्मिळ का? संख्या मुळात थोडी, हे एक कारण. दुसरे, अधिक महत्त्वाचे, असे की त्या परत देणे सोपे होते. रूपी आणि भारतीय रुपया यांचे मूल्य एकच. १८ ऑक्टोबर १९५४ रोजी कीळूर येथे १७८ प्रतिनिधींपैकी १७० जणांनी भारतात विलीन होण्याच्या बाजूने मत दिले आणि १ नोव्हेंबरला सत्तांतर शांततेने पार पडले. कायदेशीर हस्तांतर १६ ऑगस्ट १९६२ ला झाले, पण व्यवहार १९५४ लाच बदलला. पळापळ नाही, युद्ध नाही. माणसे घरी, नोटा खिशात. अशा वेळी पन्नास रूपीची नोट कोण विसरेल? मोठी रक्कम आधी परत गेली, एखादी एक रूपीची नोट पोथीत खूण म्हणून राहिली. म्हणूनच वरच्या रकमांच्या नोटा दिसणे कठीण. एका चर्चासत्रासाठी पाँडिचेरीस गेले असता तेथील जुन्या वस्तूंच्या दुकानात मला एक रूपीची नोट मिळाली. तिच्या एका बाजूला टाचणीची बारीक भोके होती. फ्रेंच बँकांत नोटांची पुडकी टाचणीने टोचून ठेवण्याचा प्रघात होता. दुकानदाराने त्या भोकांबद्दल खेद व्यक्त केला. मला तीच खरेपणाची खूण वाटली.

याउलट फसलेल्या वचनांच्या नोटा मुबलक मिळतात. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात चर्चच्या जप्त जमिनींच्या तारणावर 'असिन्या' नावाच्या नोटा काढल्या गेल्या. त्या बेसुमार छापल्या, त्यांची किंमत मातीमोल झाली, आणि फेब्रुवारी १७९६ मध्ये छपाईची साधने पॅरिसच्या चौकात जाळण्यात आली. साधने जळली, पण नोटा लोकांच्या घरात राहिल्या, कारण त्या घेऊन जायचे कोठे? आज सव्वादोनशे वर्षांनंतरही असिन्या सहज आणि स्वस्त मिळते.

या दोन टोकांच्या मध्ये हिंदी-चीन आहे. बांक द लॅंदोशिनच्या सर्वांत देखण्या नोटा तेथल्या, आणि सर्वांत दुःखद इतिहासही तेथलाच. महायुद्धात जपान्यांचा अंमल आला. युद्ध संपल्यावर, नोव्हेंबर १९४५ मध्ये, परत आलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी जपानी अंमलात निघालेल्या पाचशे पियास्त्रांच्या नोटा रद्दबातल ठरविल्या. ज्यांनी तांदूळ विकून, श्रम विकून त्या नोटा घेतल्या होत्या त्यांच्या हाती कागद राहिला. हनोईत लोक रस्त्यावर आले. दुसरीकडे, त्याच वर्षाच्या डिसेंबरात पियास्त्रचा सरकारी दर १७ फ्रँक ठरवला गेला. बाजारात तिची खरी किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास. मग ज्यांचे सरकार-दरबारी वजन होते त्यांनी स्वस्तात पियास्त्र घेऊन पॅरिसमध्ये सरकारी दराने फ्रँक उचलण्याचा धंदा मांडला. मे १९५३ मध्ये दर १० फ्रँकवर आणला तेव्हा तो ओसरला. एकाच बँकेचा कागद : शेतकऱ्याच्या हाती शून्य, दलालाच्या हाती दुप्पट. आज कोणी या नोटा वहीत लावून त्यांच्या रंगांचे कौतुक करू लागला की मला हनोईची आठवण होते.

आपण स्वतः या अनुभवापासून दूर आहोत असे समजू नये. जानेवारी १९४६ मध्ये पाचशे, हजार, दहा हजार. जानेवारी १९७८ मध्ये हजार, पाच हजार, दहा हजार. आणि ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजार. यापैकी शेवटची रांग पुष्कळ वाचकांनी स्वतः अनुभवली आहे. संग्राहकांनी यासंबंधी एक कायदा ध्यानात ठेवावा. २०१७ च्या कायद्यान्वये रद्द झालेल्या त्या नोटा दहापेक्षा अधिक जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणकशास्त्रासाठी ही मर्यादा पंचवीस आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू परवान्यावाचून देशाबाहेर नेता येत नाही, हा १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही नोटांच्या बाबतीत विसरू नये.

व्याख्यानानंतर काही माजी विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष सूचना विचारल्या, त्याही थोडक्यात देते. जुनी नोट धुऊ नये, इस्त्री करू नये, चिकटपट्टी लावू नये आणि प्लॅस्टिकचे आवरण तर कदापि चढवू नये. स्वस्त वह्यांतील मऊ प्लॅस्टिक कालांतराने कागदाला चिकटते. पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटे वापरावीत. कोकण-गोव्याची दमट हवा आणि कसर हे नोटेचे मोठे शत्रू. त्या मानाने माळव्याची कोरडी हवा उपकारक. नोट खरी की नक्कल हे पाहताना उजेडात धरून जलचिन्ह पाहावे, बोटाने उठावदार छपाई चाचपावी. 'स्पेसिमेन' अशी भोके पाडलेल्या नमुन्याच्या नोटा फार कोऱ्या आणि सुंदर असतात, व्यापारी त्यांची भरमसाट किंमत सांगतात. पण त्या कधी पैसा नव्हत्याच, त्यांनी कोणाला वचन दिलेले नाही. मला त्यांचे आकर्षण नाही. घड्या पडलेली, घामाचा डाग असलेली नोट मला अधिक बोलकी वाटते. एकोणिसाव्या शतकात आपल्याकडे नोट मधोमध कापून एक अर्धुक टपालाने पाठवीत आणि ते पोहोचल्याचे पत्र आले की दुसरे पाठवीत. अशी पुन्हा जोडलेली नोट व्यापारी खराब म्हणून बाजूला टाकतात. मी ती आधी उचलीन.

पाहण्याची इच्छा असणाऱ्यांना दूर जावे लागणार नाही. मुंबईत रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आहे आणि तेथे फ्रेंच व पोर्तुगीज हिंदुस्थानच्या नोटांची ओळख होते. आणि खुद्द आपला परिसर म्हणजे नोटांचे माहेर आहे. देवासचे नोट छापखाने येथून तासाभराच्या अंतरावर, आणि नोटांचा कागद करणारी गिरणी नर्मदाकाठी होशंगाबादेस, ज्याला आता नर्मदापुरम् म्हणतात. ज्या गावात नोट जन्मते तेथील मुलांना ती मरते कशी हे ठाऊक असावे, एवढ्याचसाठी मी हा विषय शाळेपुढे मांडण्याचे धाडस केले.

सर्वांत महत्त्वाची सूचना शेवटी करते. नोटेबरोबर तिची हकीकत लिहून ठेवावी. कोणाची, कोठून आली, का बदलली गेली नाही. नोटेवर नव्हे, वेगळ्या कागदावर. फ्रेंच आणि पोर्तुगीज नोटांच्या छापील याद्या आहेत, त्यांत क्रमांक, सह्या, तारखा, किमती सर्व काही मिळते. फक्त ती वटवायला कोण गेले नाही, हे मिळत नाही.

मागच्या दिवाळीत नातवाने मावशीच्या तीन नोटा हातात घेतल्या आणि विचारले, "आजी, यांचे आता किती येतील?" मी त्याला आधी हिशेब करायला सांगितला. एकशे ऐंशी भागिले सहा. तो म्हणाला, तीस. मग मी त्याला डब्यातला दोरा दाखवला. मावशीने तो दुहेरी गाठ मारून बांधला होता. नोटा सोडवताना मी गाठ न सोडता दोरा कापला होता. ती गाठ अजून तशीच आहे. नोटांच्या पाकिटात, हकीकतीच्या कागदाशेजारी, मी तीही ठेवली आहे.